सोफा चांगला आहे, जागा चुकली

माझ्या धंद्याला धड नाव नाही. ब्रह्मपुरीत मला 'पडदेवाली बाई' म्हणतात, राजुऱ्याकडे 'घर लावून देणारी', आणि माझी धाकटी सून मैत्रिणींना सांगते की आमच्या सासूबाई इंटेरियरचं करतात. ती असं म्हणाली की मी दुसरीकडे पाहते. इंटेरियरवाले कॉम्प्युटरवर चित्र दाखवतात, घरातलं जुनं बाहेर काढतात आणि नवं आत आणतात. माझं सगळंच उलटं. मी जाते, चहा पिते, आणि घरात जे आहे तेच इकडचं तिकडे करते. निघताना घरची बाई दारात उभी राहून विचारते, "शकूबाई, हे सारं आमचंच होतं काय जी?" एवढं ऐकलं की मी खुशीत बसस्टँड गाठते.

मूळ काम शिवणाचं. बाजारातल्या एका कापड दुकानात मागच्या बाजूला दोन मशिनी होत्या, त्यातल्या एकीवर मी परकर आणि झबली शिवत असे. आमच्या विहाराच्या स्टेजला एकदा पडदा हवा होता. तो मी शिवला, आणि कार्यक्रमाच्या दिवशी दोरी ओढल्याबरोबर तो न अडकता सर्रकन उघडला. आमच्याकडे स्टेजचा पडदा पहिल्या ओढीत उघडणं ही काही साधी गोष्ट नाही. तेवढ्यावर माझं नाव झालं. दुकानाच्या शेठनं पडद्याचं कापड ठेवायला सुरुवात केली आणि मला टेप देऊन घरोघरी माप घ्यायला धाडलं.

माप घ्यायला स्टुलावर चढावं लागतं. आणि स्टुलावरून घर खरं दिसतं. कपाटाच्या माथ्यावर काय काय लपवलंय, पंख्याची पाती कधीपासून पुसली नाहीत, दिवाणाच्या मागे कोणती वस्तू पडून आहे, सगळं. खाली उतरून मी गप्प बसले असते तर जन्मभर पडदेच शिवले असते. पण माझी जीभ ऐकत नाही.

पहिला प्रसंग कॉलेजात शिकवणाऱ्या एका सरांच्या घरचा. त्यांच्या मिसेसना सारा मोहल्ला प्रोफेसरीणबाई म्हणायचा. हौस दांडगी. बैठकीत शोकेस, शोकेसमध्ये बाहुल्या, बाहुल्यांच्या मध्ये ट्रॉफ्या, प्लास्टिकच्या फुलांचे अकरा गुच्छ (मी मोजले), आणि सोफा खिडकीला पाठ करून. त्या म्हणाल्या, "बाई, मले या घरात बसावंसंच वाटत नाई. अंधारल्यासारखं वाटते. पडदे बदलून पाहू, अन् दिवाळीले सोफाही बदलू."

मी स्टुलावरून म्हणाले, "मॅडम, सोफा चांगला आहे. जागा चुकली."

सोफ्याची उंच पाठ निम्मी खिडकी खात होती. त्यावर शेठनं धाडलेल्या जाड मखमलीचा पडदा म्हणजे उरलेल्या निम्म्या खिडकीलाही रजा. आम्ही दोघींनी पदर खोचून सोफा समोरच्या भिंतीला लावला. मग मी त्यांना खोलीतली हलकी वस्तू न् वस्तू उचलून अंगणात ठेवायला लावली. हे माझं पहिलं काम, आणि तेच लोकांना सगळ्यात जड जातं. खोली रिकामी केल्याशिवाय खोली दिसत नाही. मग एकेक वस्तू आत घ्यायची, आणि घेताना विचारायचं, ही काऊन घेऊन राह्यली, कशासाठी? उत्तर आलं नाही तर ती अंगणातच.

दुसरं काम रंगाचं. घर एकजीव दिसायला सारं मॅचिंग लागत नाही. एकच रंग खोलीत तीन ठिकाणी दिसला तरी डोळा मानतो की हे एकाच घरातलं आहे. प्रोफेसरीणबाईंच्या कपाटात एक मोरपंखी साडी होती, पदराशी फाटलेली. तिचे मी उशांना अभ्रे केले, टीपॉयवर पट्टी टाकली, आणि उरलेल्या तुकड्याची जुन्या स्टुलाला गादी. झालं. पडदे पातळ, साधे, आणि खिडकीच्या बरेच वरून सोडलेले, म्हणजे खोली उंच वाटते.

संध्याकाळी सर कॉलेजातून आले, दारात चप्पल काढली, आत पाहिलं, आणि "सॉरी सॉरी" म्हणत मागे वळले. दुसऱ्याच्या घरात शिरलो असं वाटलं त्यांना. प्रोफेसरीणबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

शेठ मात्र हसला नाही. "तुले कापड विकाले पाठवतो का परत आणाले?" म्हणाला. मखमलीचा गठ्ठा मी तसाच परत आणला होता. पण त्या महिन्यात कॉलेज कॉलनीतून सात घरांची बोलावणी आली आणि शेठ पुन्हा काही बोलला नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. राजुऱ्याकडे कोळशाची धूळ उडते, तिथल्या बायकांना हटकून पांढरा पडदा हवा असतो. मी म्हणते, तीन दिवसांत तो राखाडी होणारच आहे, तर आधीपासूनच राखाडी घ्या. तिथलीच दोन भावांची गोष्ट सांगते. वडील खाणीत होते, ते गेल्यावर घराची वाटणी झाली आणि मधोमध भिंत आली. वाटणीत सोफासेटही फुटला. तिघांचा लांब सोफा थोरल्याकडे, दोन सुट्या खुर्च्या धाकट्याकडे. थोरल्या सुनेनं मला बोलावलं की सोफा एकटा बरा नाही दिसत, काहीतरी करा. मी विटकरी रंगाच्या कापडाची खोळ चढवली. आठवड्यानं धाकटीचं बोलावणं आलं. दोन खुर्च्या भकास दिसतात, काहीतरी करा. त्याच ताग्यातलं कापड उरलं होतं. मी तेच वापरलं. खरं सांगायचं तर मुद्दाम वापरलं.

दोन दिवसांत भिंतीच्या दोन्ही बाजूंनी भडका उडाला. थोरली म्हणे, तिनं माझी नक्कल केली. धाकटी म्हणे, मले काय माहीत तिच्या घरी काय आहे, मी तर तिकडे पाहातही नाई. दोघी मिळून माझ्यावर आल्या. बऱ्याच दिवसांनी त्या दोघींनी मिळून केलेलं ते पहिलं काम असावं.

त्या भावांची आई एक महिना इकडे, एक महिना तिकडे राहायची. कपड्यांची पिशवी कधी पुरती उघडायचीच नाही. ती कोपऱ्यात बसून सारं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "राहू द्या व पोरींनो. आता मले कळतच नाई मी कोणाच्या घरी आहो. बरं वाटते."

खोळी तशाच राहिल्या. भिंतही राहिली, उगाच गोड करून सांगत नाही. पण पुढच्या वेळी गेले तेव्हा म्हातारीची पिशवी खुंटीला रिकामी लटकत होती आणि कपडे कपाटात होते.

अशा गोष्टींनी माणसाला चढतं. मलाही चढलं होतं. त्यात मध्यंतरी वाघ पाहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या एका रिसॉर्टचे पडदे मी शिवले. तिथं भिंतीवर सुपं, टोपल्या, कुऱ्हाडी छान लावून त्यांच्यावर पिवळे दिवे सोडलेले. ते माझ्या डोक्यात बसलं. जुनी वस्तू भिंतीवर टांगली की झालं, असं मी मानू लागले. ही खोड कशी मोडली ते सांगण्यासाठीच खरं तर मी लिहायला बसले आहे.

गेल्या थंडीत धानोऱ्याहून फोन आला. "मावशी, मी ललिता बोलून राह्यली. इथी दवाखान्यात सिस्टर आहो. येत्या रविवारच्या आत पडदे पाह्यजेत." दुकानातून मी केव्हाच मोकळी झाले होते, आता माझी मी जाते. कापडाचा गठ्ठा घेतला आणि बुधवारी गडचिरोलीहून बस बदलून धानोऱ्याला उतरले.

भाड्याचं घर, गावाच्या कडेला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेर ओट्यावर एक म्हातारा पोत्यावर बसला होता, बाजूला काठी. मी जोहार केला, त्यानं मान हलवली आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागला. ते ललिताचे वडील, दसरूबाबा.

आत गेले तर खोलीभर कोपरा-सोफा, त्यावर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच. काचेचा टीपॉय. भिंतीवर कुठल्या तरी थंड देशातल्या धबधब्याचं चित्र. ललिता अठ्ठावीस-एक वर्षांची, चटपटीत, पण त्या दिवशी रडवेली. तिनं एका शिक्षकाशी लग्न ठरवलं होतं, दोघंही गोंड समाजातलेच. रविवारी त्याच्या घरचे पहिल्यांदा येणार होते.

"त्यांच्या घरी सारं मॅचिंग आहे मावशी. आमचं असं कायचं काय दिसते."

"अन् बाबा बाहेर काऊन बसले आहेत?"

तेव्हा तिचा बांध फुटला. आई दोन वर्षांपूर्वी वारली. बाबा आत जंगलातल्या गावात एकटे राहत. पावसाळ्यात बांधावरून घसरून पाय मोडला, म्हणून ही त्यांना घेऊन आली. पण ते दिवसभर बाहेरच बसतात, ऊन असो की थंडी. सोफ्यावर एकदाही बसले नाहीत. आणि आता सोमवारी गावाला जातो म्हणून हटून बसले होते. पाय अजून धड नाही, गावात करून घालणारं कोणी नाही.

"ते गेले तर मी लग्नच पुढं ढकलीन. मले असं नाई जमत, मावशी."

पडद्याचं माप राहिलं बाजूला. मी विचारलं, "त्यांचं सामान कुठी आहे?"

ती मला मागच्या टिनाच्या पडवीत घेऊन गेली. ताडपत्रीखाली सारं झाकून ठेवलं होतं. दोरीची बाज, बांबूच्या टोपल्या, सूप, पाणी भरायचा वाळल्या भोपळ्याचा तुंबा, बसायचा पाट. आणि आईची पत्र्याची पेटी. पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

माझ्या अंगात रिसॉर्ट शिरलं. "अगं, इथं सोनं झाकून ठेवलंय आणि तू धबधबा लावून बसलीस?" त्या संध्याकाळी मी सोफ्याच्या वरच्या भिंतीवर खिळे ठोकले, मधे सूप, एका बाजूला टोपली, दुसऱ्या बाजूला तुंबा. वर दिव्याची माळ. ललिता खूष. तिनं मोबाईलवर फोटो काढले. मग बाबांना आत बोलावलं.

दसरूबाबा काठी टेकत आले. उंबऱ्याशी उभे राहून बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. मग मुलीला गोंडीत हळूच काहीतरी म्हणाले आणि परत बाहेर गेले.

"काय म्हणाले?"

"काई नाई."

"सांग ना, बाई."

ललिता खाली पाहून म्हणाली, "म्हणतात, मी अजून मेलो नाई. पाणी कशात भरू?"

मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं लोकांना सांगत आले की वस्तू आत घेताना ती कशासाठी ते विचारा. आणि इथं एका जित्या माणसाच्या रोजच्या वस्तू मी हार घातलेल्या फोटोसारख्या टांगल्या होत्या. मी मुकाट्यानं स्टुलावर चढले आणि सारं उतरवलं. भिंतीला खिळ्यांची तीन भोकं तेवढी राहिली. ती अजून आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांपुढे जाऊन बसले. म्हटलं, "बाबा, माझं चुकलं. आता तुम्हीच सांगा, काय कुठी ठेवू?" त्यांनी काठी उचलली. मग उठले, आत आले आणि काठीनं दाखवू लागले. तुंबा दाराच्या बाजूला सावलीत, हात पोचेल एवढ्या उंचीवर. टोपल्या स्वयंपाकघरात, सूपही तिकडेच. आणि बाज? काठी सरळ सोफ्यावर टेकली. त्याच्या दुसऱ्या बाजूच्या मागे खिडकी होती.

आम्ही सोफा ओढून आतल्या भिंतीला लावला आणि खिडकीखाली बाज टाकली. बाबा बसले. बाहेर पाहिलं. समोर रस्ता, गावाकडून येणाऱ्या जीपा जिथं थांबतात तो फाटा. त्यांच्या गावचं माणूस बाजाराला आलं की तिथंच उतरतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांना आत यायचं नव्हतं असं नाही. आतून रस्ता दिसत नव्हता. सोफ्याची पाठ मधे येत होती.

"बाबा, हे सांगितलं काऊन नाई?" ललिता म्हणाली.

"विचारलं कुठी?" बाबा मराठीत म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

आता घर एकजीव करायचं माझं काम उरलं. एका बाजूला चॉकलेटी सोफा, दुसऱ्या बाजूला दोरीची बाज. सोफ्याचं प्लास्टिक मी आधी फाडलं. मग आईची पेटी उघडली. तीन साड्या, हिरव्या, लाल काठाच्या. ललितानं त्यांच्यावर हात ठेवला. "नको मावशी, कैची नको." मीही कैची खाली ठेवली. बाजेवरून बाबा बोलले, "तुझ्या मायनं नेसाले घेतल्या, पेटीत ठेवाले नाई घेतल्या. काप."

दोन कापल्या. तिसरी मी घडी करून ललिताच्या हातात दिली, रविवारी नेसायला. लाल काठ सोफ्याच्या उशांना लागला, बाजेवरच्या गोधडीला लागला, पाटावरच्या आसनाला लागला. माझे तीन ठिकाणचे रंग झाले.

राहिले पडदे. मी कापड खिडकीला लावून दाखवलं तर बाबा अस्वस्थ. रस्ता बंद झाला. त्यांनी शेजाऱ्याकडून बांबू मागवला, सुरी काढली आणि बाजेवर बसून बारीक कमच्या, म्हणजे पातळ पट्ट्या पाडायला घेतल्या. काय हात होता! शुक्रवार-शनिवार ते खाली मान घालून खिडकीला लावायची ताटी विणत होते. आतून रस्ता दिसतो, बाहेरून आतलं माणूस दिसत नाही, आणि जमिनीवर उन्हाचे बारीक पट्टे पडतात. मी फक्त कडा शिवल्या, त्याच लाल काठानं. दोन दिवसांत बाबांनी गावाला जायचा विषय काढला नाही, आणि माझ्या गठ्ठ्यातलं एक हातभर कापडही खपलं नाही.

रविवारी ललितानं मला जाऊ दिलं नाही. पाहुणे सहाजण आले. नवऱ्या मुलाची आई सोफ्यावर बसली, उशीच्या काठावरून बोट फिरवून म्हणाली, "हे कुठून आणलं व?"

"घरचंच आहे," ललिता म्हणाली. आईच्या साडीत तिची मान वर होती.

मुलाचा आजा मात्र कुणाकडे न पाहता तडक बाजेवर जाऊन टेकला. दसरूबाबांनी तुंब्यातलं पाणी दिलं. मग त्या दोघांचं गोंडीत जे सुरू झालं ते जेवणाची पानं वाढली तरी थांबेना. मला त्यातलं काही कळलं नाही. हातवाऱ्यांवरून एवढं कळलं की कुठल्या तरी नाल्यातल्या माशाच्या लांबीवरून वाद आहे. घर कसं दिसतं हे कोणीच पाहत नव्हतं. इतक्या वर्षांत माझं इतकं चांगलं काम दुसरं झालं नाही.

लग्न उन्हाळ्यात धरलं. सोमवार आला, बाबा गेले नाहीत. मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत मात्र पुतण्याला बोलावून गेले, पंधरा दिवस राहिले आणि आपले आपण परत आले. ललितानं अडवलं नाही. बाज फक्त तिनं कोणाला हलवू दिली नाही.

मी निघताना बाबांनी विचारलं होतं, "बाई, तुमच्या घरची खिडकी केवढी?" टेप पिशवीच्या तळाशी होता, बस यायची होती. मी दोन्ही हात पसरून दाखवलं, एवढी. मला वाटलं, म्हातारा माणूस सहज विचारतोय.

लग्नाची पत्रिका द्यायला ललिता ब्रह्मपुरीला आली तेव्हा जीपच्या टपावरून एक लांब गुंडाळी उतरवली. पोत्यात बांधलेली बांबूची ताटी. कडेला हिरव्या साडीचा उरलेला काठ, तिनं स्वतः हातानं टाचलेला, टाके वाकडेतिकडे. लावून पाहिली. खिडकीपेक्षा वीतभर रुंद आणि चांगली हातभर लांब.

सून म्हणाली, कापून बेताची करून घेऊ, दहा मिनिटांचं काम. मी नाही म्हटलं, तशीच टांगली. आता येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारतो, "शकूबाई, तुमच्याच घरी माप चुकलं?"

मी सांगते, हो, खिडकीचं चुकलं.